टीव्ही-व्हीसीआर कॉम्बोचा रिमोट : बटण ओळखा, अमानत सांभाळा

१९७० च्या दशकापासून कोकणातील अनेक मुस्लिम घरांतला एखादा तरी माणूस रोजीसाठी आखातात गेला. सुट्टीवर येताना त्याच्या सामानात टेपरेकॉर्डर असे, कापड असे आणि ज्याला परवडेल त्याच्याकडे टीव्ही-व्हीसीआर कॉम्बो असे. कॉम्बो म्हणजे पडद्याखालीच व्हिडिओ कॅसेटचे तोंड असलेला टीव्ही. दोन यंत्रे एका डब्यात, आणि दोघांचा मिळून एक रिमोट. त्याच काळात निकाह, वलीमा, अकीका या प्रसंगांच्या कॅसेटी निघू लागल्या. आखातातल्या मुलाला घरचे लग्न दाखवायचे तर कॅसेटच पाठवावी लागे.

त्या कॅसेटी आजही घरोघरी कपाटात पडून आहेत. यंत्रे मात्र संपत चालली आहेत. व्हीएचएस पद्धतीचे पहिले यंत्र जपानमध्ये १९७६ साली बाजारात आले. जपानच्याच फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबविले. नवा व्हीसीआर बनविणारी ती शेवटची कंपनी होती. आता जे आहे ते जुनेच, आणि तेवढ्यावरच काम भागवायचे आहे.

त्यामुळे फोटो स्टुडिओ, मोबाईल दुरुस्ती व इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानांत एक जोडधंदा उभा राहिला आहे. गिऱ्हाईक कॅसेट घेऊन येतो आणि ‘पेनड्राइव्हवर उतरवून द्या’ म्हणतो. काम प्रामाणिकपणे केले तर दोन पैसे सुटतात आणि दुवाही मिळते. पण बहुतेक कारागीर तारा आणि कॉम्प्युटर यांचीच काळजी घेतात, रिमोट हाताला येईल तसा दाबतात. त्या कॅसेटमध्ये गिऱ्हाइकाच्या मरहूम वडिलांचा आवाज असेल आणि तो दुसरीकडे कोठेही नसेल. एक चुकीचे बटण दाबले तर तो कायमचा पुसला जाईल. म्हणून या लेखात कॉम्बोच्या रिमोटची माहिती देत आहोत.

रिमोटशिवाय यंत्र अपुरे का?

साध्या टीव्हीचा रिमोट हरवला तरी काम अडत नाही. कॉम्बोचे तसे नाही. त्याच्या तोंडावर साधारणपणे पॉवर, आवाज, चॅनेल, प्ले, स्टॉप, रिवाइंड, फास्ट फॉरवर्ड आणि रेकॉर्ड एवढीच बटणे असतात. मेनू, काउंटर, रंगपद्धत, पडद्यावरील अक्षरे लपविणे ही कामे बहुतेक कॉम्बोमध्ये फक्त रिमोटवरून होतात. जुना कॉम्बो विकत घेताना रिमोट नसेल तर किंमत त्या मानाने पाडून मागावी. रिमोट असेल तर तो जागेवरच चालवून पाहावा.

रिमोट काम कसे करतो?

रिमोटच्या टोकाला एक लहान दिवा असतो. तो डोळ्याला न दिसणारा, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाश देतो. बटण दाबले की हा दिवा सेकंदाला सुमारे ३६ ते ४० हजार वेळा उघडझाप करतो, आणि त्या उघडझापीचे लांब-आखूड तुकडे करून संदेश पाठविला जातो. संदेशात दोन गोष्टी असतात : हुकूम कोणत्या यंत्राला आहे आणि हुकूम काय आहे. टीव्हीच्या तोंडावरील काळसर काचेमागचा डोळा हा संदेश वाचतो. प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी असल्यामुळे एका कंपनीचा रिमोट सहसा दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला चालत नाही.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवावी. अनेक कॉम्बोमध्ये टीव्हीचा पत्ता वेगळा आणि टेपचा पत्ता वेगळा ठेवलेला असतो. युनिव्हर्सल रिमोट लावला की आवाज आणि चॅनेल चालते, पण प्ले दाबल्यावर काहीच होत नाही, ते यामुळे. रिमोट बिघडला असे समजून टाकून देऊ नये. टीव्हीचा कोड एकदा आणि व्हीसीआरचा कोड पुन्हा एकदा, असे दोन्ही बसवून पाहावेत. युनिव्हर्सल रिमोट घेताना त्यात व्हीसीआरचे कोड आहेत का, हे दुकानदाराला आधीच विचारावे.

रिमोट चालतो का, हे कसे ओळखावे?

हातातल्या मोबाईलचा कॅमेरा सुरू करावा, रिमोटचे टोक कॅमेऱ्यासमोर धरावे आणि बटण दाबावे. मोबाईलच्या पडद्यावर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकताना दिसला तर दिवा जिवंत आहे. काही फोनचा मागचा कॅमेरा हा प्रकाश अडवितो, म्हणून पुढच्या कॅमेऱ्यानेही पाहावे. ठिपका दिसतो पण यंत्र ऐकत नाही, असे असेल तर दोष कोड किंवा यंत्रात शोधावा. अंगावर पडणारे ऊन किंवा जवळची सीएफएल बत्तीसुद्धा यंत्राच्या डोळ्याला चकवते. बत्ती बंद करून पुन्हा पाहावे.

ठिपका दिसतच नसेल तर क्रमाने पुढील गोष्टी कराव्या.

१. सेल नवे घालावेत. एक जुना व एक नवा असे घालू नयेत.

२. सेल गळून पट्ट्यांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड चढली असेल तर ती खरवडून, कानकाडीने पुसून पट्टी चकचकीत करावी.

३. काही बटणे चालतात आणि काही नाही, असे असेल तर रिमोट उघडावा. आत रबराची चादर असते. तिच्या प्रत्येक बटणाखाली काळा ठिपका असतो आणि तो सर्किटवरच्या पट्ट्यांना टेकला की हुकूम जातो. वर्षानुवर्षांच्या हाताच्या तेलाने आणि दमट हवेने तेथे चिकट थर जमतो. मोबाईल दुरुस्तीवाले जे आयपीए वापरतात, ते कापसावर घेऊन सर्किट पुसावे. रबरावरचे काळे ठिपके हलक्या हाताने पुसावेत, घासू नयेत. तो काळा थर निघून गेला की बटण कायमचे जाते.

दुरुस्त झालेल्या रिमोटची नक्कल लगेच करून ठेवावी. दुसऱ्या रिमोटचा संदेश ‘शिकणारे’ रिमोट मिळतात. मूळ रिमोट चालू आहे तोवरच ही नक्कल होते, नंतर नाही.

सर्वांत धोक्याचे बटण

आता मुख्य गोष्ट. रिमोटवर लाल ठिपका असलेले बटण म्हणजे रेकॉर्ड. ते पुष्कळदा प्ले आणि स्टॉपच्या शेजारीच असते. काही कंपन्यांनी काळजी घेतली आहे : रेकॉर्ड आणि प्ले एकत्र दाबल्याशिवाय, किंवा रेकॉर्ड दोनदा दाबल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. पण काही कॉम्बोमध्ये एकदा दाबले की झाले. आपला कॉम्बो कोणत्या जातीचा आहे, हे कोऱ्या कॅसेटवर आधी पाहून घ्यावे.

रेकॉर्डिंग सुरू झाले की टेप प्रथम पुसणाऱ्या हेडवरून जाते. ते हेड टेपची पूर्ण रुंदी साफ करते. त्यानंतर टीव्हीचा ट्यूनर जे देईल ते टेपवर उमटते. आज तर तेथे काहीच येत नाही. दूरदर्शनने आपले जुने अॅनालॉग ट्रान्समीटर २०२२ पर्यंत मोजकी ठिकाणे सोडून बंद केले. त्यामुळे निकाहाच्या दृश्यावर नुसती खरखर किंवा निळा पडदा भरला जातो. हे नुकसान कोणत्याही कारागिराला भरून काढता येत नाही.

यावर उपाय कॅसेटच्या अंगावरच आहे. कॅसेटच्या पाठीवर, जेथे लेबल चिकटवितात त्या कडेला, एका कोपऱ्यात प्लॅस्टिकची छोटी चौकोनी पट्टी असते. ती मोडलेली असेल तर यंत्र त्या कॅसेटवर रेकॉर्डिंग करीत नाही. रेकॉर्ड दाबले तर बहुतेक यंत्रे कॅसेट बाहेरच टाकतात. म्हणून दुकानात आलेली प्रत्येक कॅसेट यंत्रात जाण्यापूर्वी तिची ही पट्टी पाहावी. पट्टी शाबूत असेल तर गिऱ्हाइकाला कारण समजावून सांगावे आणि त्याच्या परवानगीने त्याच्यासमोर ती मोडावी. माल त्याचा आहे, म्हणून विचारणे आवश्यक आहे. पट्टीच्या खाचेवर कोणी चिकटपट्टी लावलेली असेल तर तीही काढावी. चिकटपट्टी असली की यंत्राला पट्टी शाबूतच वाटते.

पट्टी मोडलेली कॅसेट आत सरकवताच अनेक कॉम्बो आपोआप सुरू होऊन चित्र दाखवू लागतात. हा बिघाड नव्हे. मात्र दुकानात चार माणसे बसलेली असताना हे ध्यानात असावे. त्याचे कारण पुढे येईल.

बाकीची बटणे

प्ले, स्टॉप, रिवाइंड : या बटणांबद्दल वेगळे सांगणे नको. फक्त चित्र चालू असताना फास्ट फॉरवर्ड दाबून चित्र पाहत पुढे पळविणे टाळावे. त्या वेळी टेप फिरत्या हेडवर वेगाने घासत असते. जुन्या टेपला ते मानवत नाही. आधी स्टॉप, मग फास्ट फॉरवर्ड, ही सवय लावावी.

पॉज : चित्र थांबते, पण हेड त्याच जागी फिरत राहते आणि टेपची तेवढीच जागा झिजते. म्हणून बहुतेक यंत्रे सुमारे पाच मिनिटांनी स्वतःच पॉज सोडून देतात. नमाजला किंवा जेवायला जाताना पॉज करू नये, स्टॉप करावे.

ट्रॅकिंग : पडद्यावर खरखरीचा आडवा पट्टा दिसला की हे बटण लागते. व्हिडिओचे चित्र टेपवर तिरक्या रेघांनी लिहिलेले असते. आपल्याकडील पाल पद्धतीत साध्या वेगाची एक रेघ जेमतेम ०.०५ मिलिमीटर रुंद असते. ज्या कॅमेऱ्याने ती लिहिली आणि ज्या कॉम्बोने आपण वाचतो, त्या दोघांत केसभर फरक असला की हेड रेघेवरून ढळते. ट्रॅकिंगने हेड पुन्हा रेघेवर आणता येते. अनेक कॉम्बोमध्ये ट्रॅकिंगचे वेगळे बटण नसते. टेप चालू असताना चॅनेलचे वर-खाली बटण दाबले की तेच ट्रॅकिंगचे काम करते. बटण दाबून एकदम खूप पुढे जाऊ नये. थोडे दाबावे, थांबून पाहावे. कॅसेट काढून पुन्हा घातली की यंत्र स्वतःच्या मोजणीवर परत येते.

एसपी-एलपी : हे बटण दाबले की टेपचा वेग बदलून चित्र सुधारते, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. हे बटण फक्त रेकॉर्डिंगचा वेग ठरविते. चित्र दाखविताना यंत्र वेग स्वतःच ओळखते. धंद्याच्या दृष्टीने मात्र हा वेग महत्त्वाचा आहे. पाल पद्धतीची ई-१८० कॅसेट एसपीवर तीन तास चालते आणि एलपीवर सहा तास. पेनड्राइव्हवर उतरवायला जेवढी टेप तेवढाच वेळ लागतो. त्यामुळे मजुरी कॅसेटवर ठरवू नये, तासावर ठरवावी. नाही तर एका दिवसाचे काम अर्ध्या दामात जाते.

काउंटर रिसेट : कॅसेट पूर्ण रिवाइंड करून हे बटण दाबावे म्हणजे काउंटर शून्यावर येतो आणि तेथून तास, मिनिटे, सेकंद मोजतो. कॅसेट मधूनच सुरू केली असेल तर मागे नेताना काउंटरपुढे वजाचे चिन्ह येते. टेपचा कोरा भाग आला की काउंटर जागीच थांबतो. काउंटर थांबला म्हणजे कॅसेट संपली, असे मानू नये. मध्ये कोरी जागा सोडून पुढे दुसऱ्या प्रसंगाचे चित्रीकरण केलेले असू शकते. शेवटपर्यंत पाहूनच कॅसेट परत द्यावी.

सिस्टीम : हे बटण किंवा मेनूमधील ही सोय आखातातून आलेल्या कॉम्बोत हमखास असते. भारतात आणि दुबई-मस्कतकडे पाल पद्धत होती, अमेरिकेत एनटीएससी. सौदी अरेबियाच्या प्रसारणाची पद्धत सेकॅम होती, आणि त्या टीव्हीवरून भरलेल्या टेपांना मेसेकॅम म्हणतात. बटण ‘ऑटो’वर ठेवावे. चित्र येते पण रंग येत नाही, असे झाले तर एकेक पद्धत हाताने निवडून पाहावी. फक्त अमेरिकेसाठी बनलेला कॉम्बो असेल तर तो आपल्या कॅसेटी नीट दाखविणार नाही. शिवाय तो १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट लावला की जळतो.

टायमर : रिमोट ठीक, कॅसेट ठीक, तरी प्ले चालत नाही, अशा वेळी पडद्याखाली घड्याळाची खूण किंवा लाल दिवा पेटलेला आहे का ते पाहावे. टायमर रेकॉर्डिंगचे बटण चुकून दाबले गेले की काही यंत्रे ठरलेल्या वेळेची वाट पाहत बसतात आणि दुसरा हुकूम घेत नाहीत. टायमरचे बटण पुन्हा दाबावे. पावसाळ्यात आत दव साचल्यावरही काही यंत्रे टेप फिरवीत नाहीत. यंत्र चालू ठेवून दोन तास थांबावे.

कॅसेट उतरविताना

कॉम्बो विकत घेण्यापूर्वी त्याची पाठ पाहावी. अनेक कॉम्बोंना चित्र-आवाज आत घेण्याची भोके असतात, बाहेर देण्याची नसतात. ‘एव्ही आउट’ नसेल तर त्यातून कॉम्प्युटरकडे चित्र नेता येत नाही. पडद्यासमोर मोबाईल धरून केलेले चित्रीकरण लुकलुकते. गिऱ्हाइकाकडून त्याचे पूर्ण पैसे घेणे योग्य नाही.

उतरविणे सुरू करण्यापूर्वी रिमोटवरील ‘डिस्प्ले’ बटण दाबून पडद्यावरची अक्षरे व काउंटर घालवावेत. काही यंत्रांत ही अक्षरे बाहेर जाणाऱ्या चित्रातही उमटतात. ‘स्लीप’ची वेळ लावलेली नाही ना, तेही पाहावे. नाही तर दोन तासांच्या टेपच्या मध्येच यंत्र झोपते.

कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. कोकणच्या दमट हवेत ती फार होते. अशी कॅसेट यंत्रात घालू नये. बुरशी हेडला लागते आणि तेथून पुढच्या गिऱ्हाइकाच्या टेपला जाते. ती वेगळी ठेवून जाणकाराकडे द्यावी किंवा नम्रपणे परत करावी.

हेड साफ करण्यासाठी कॉम्बोचे मागचे झाकण मात्र उघडू नये. सुट्या व्हीसीआरमध्ये हे काम सोपे आहे. कॉम्बोमध्ये त्याच डब्यात पिक्चर ट्यूब असते. तिच्यावर हजारो व्होल्टचा भार असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. ज्याने टीव्ही दुरुस्तीचे काम शिकले आहे त्यानेच हात घालावा.

पडदा कोणाला दिसतो?

सुट्या व्हीसीआरवरून काम करताना टीव्ही न लावताही चालते. कॉम्बोमध्ये टेप फिरली की पडद्यावर चित्र येतेच. लग्नाच्या कॅसेटमध्ये जनान्याकडचे चित्रीकरण असते. मेहंदी, हळद, रुखसत. घरच्या बायकांनी ते घरच्यांसाठी करून घेतलेले असते, दुकानातल्या बाकावर बसणाऱ्यांसाठी नव्हे. म्हणून कॉम्बोचे तोंड भिंतीकडे करावे, रिमोटवरून आवाज म्यूट करावा आणि मेनूतून उजेड कमी करावा. काही कॉम्बोंत म्यूट केल्यावर बाहेर जाणारा आवाजही बंद होतो. तेव्हा पहिली दोन मिनिटे उतरवून, आवाज आला आहे का ते ऐकून मगच पुढे जावे. गर्दी असेल तर हे काम दुकान बंद झाल्यावर करावे. गिऱ्हाइकाने पेनड्राइव्ह तपासून घेतला की आपल्या कॉम्प्युटरवरील प्रत त्याच्या समक्ष पुसावी.

कॅसेट घेताना लहानशी पावती करावी. तीत कॅसेटी किती, प्रत्येकीची पट्टी मोडलेली की शाबूत, बुरशी आहे का, मजुरी तासाला किती, एवढे लिहावे. जुनी टेप चालता चालता तुटू शकते, हेही आधीच सांगावे आणि लिहावे. नंतर वाद होत नाही.

थोडक्यात

कॅसेट हातात आली की पहिली नजर पट्टीवर, दुसरी बुरशीवर, मग रिमोटवर. रेकॉर्डच्या लाल बटणावर जाड चिकटपट्टी लावून ठेवली तर उत्तमच. उतरविण्याच्या कामात त्या बटणाची गरज कधीच पडत नाही. कॉम्बोच्या तोंडावरील रेकॉर्डचे बटणही तसेच झाकावे.

गिऱ्हाईक आपल्याकडे प्लॅस्टिकचा एक डबा ठेवून जातो आणि आपण त्याला कॅसेट म्हणतो. त्याच्या दृष्टीने ती अम्मी-अब्बांची अमानत असते. ती जशी आली तशी, आणि आतले काहीही न गमावता परत गेली, तर तो गिऱ्हाईक आपल्या सगळ्या नातेवाइकांच्या कॅसेटी घेऊन पुन्हा आपल्याच दुकानाची पायरी चढेल, इन्शाअल्लाह.